राजनंदिनी आणि पिवळा बोर्ड

माझी मुलगी हल्ली माझ्याशी भांडत नाही. ही काळजी कुणाला सांगितली तर ऐकणारा हसेल, म्हणून सांगत नाही. पण ऑगस्टपासून ती मनातून हलत नाही. आधी आमचं फोनवर सारखं वाजायचं. केस एवढे कशाला कापलेस, दिलेल्या ज्वारीच्या पिठाला जाळी लागली तरी भाकरी कशी केली नाहीस, मामाकडच्या कार्यक्रमाला येत नाही हे आधी कळवायला काय झालं होतं. ती तोडीस तोड उत्तर द्यायची, फोन ठेवून द्यायची आणि थोड्या वेळानं स्वतःच लावायची, "झाला का राग? मंग बोल आता." आता मी काहीही म्हणाले तरी पलीकडून "हो मम्मी" येतं. बरी आहेस का? बरी आहे. जेवलीस का? जेवले.

आज संध्याकाळी तिचा मेसेज आला. "मम्मी, जालन्याचं ते अजून आहे का?"

राजनंदिनी हैदराबादला एका कंपनीत इंजिनिअर आहे. "जालन्याचं ते" म्हणजे जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका सळयांच्या कारखान्यातली नोकरी. त्यांना कॉम्प्युटर विभाग सांभाळायला माणूस हवं आहे, असं तिच्या पप्पांना कोर्टात एका वकिलांनी सांगितलं होतं. मी तिला कळवलं तेव्हा ती हसली होती. "मी तिथं काय करू मम्मी, वजनकाट्याचा प्रिंटर दुरुस्त करत बसू?" आणि आज स्वतःहून विचारते आहे.

मी नुसतं "आहे" असं लिहिलं तर ती येईल. सकाळच्या एसटीनं अंबडहून जालन्याला जाईल, संध्याकाळी परत येईल. फाटकाची कडी वाजेल, चपला दारात एक इकडे एक तिकडे पडतील, ती हातपाय न धुताच ओट्यावर बसून "काय केलंय" म्हणत कढईवरचं झाकण उचलेल. हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलं आहे की कधीकधी भाजीला फोडणी देताना मी ओट्यावर जागा मोकळी ठेवते.

पण येत्या शनिवारी तिच्यासमोर एक काम आहे. मे महिन्यात तिच्या हातून जे चुकलं, तेच काम, त्याच मशीनवर, कंपनीनं पुन्हा तिलाच दिलं आहे. तिला माझं उत्तर शनिवारच्या आत हवं आहे. ते द्यायचं की नाही, हे मला रात्र झाली तरी ठरवता आलेलं नाही. तिचे पप्पा झोपले. मी जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहिते आहे, कारण ती कशी आहे हे नीट आठवल्याशिवाय मला काही सुचणार नाही.

आमचं घर अंबडच्या बसस्थानकापासून जवळ आहे. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. तिचे पप्पा, राजानंद, कोर्टात बेलिफ आहेत. तालुकाभर समन्स वाटत फिरतात. राजनंदिनी एकुलती एक. लहानपणी तिची एक खोड होती. टॉर्चमधले संपलेले सेल ती फेकू द्यायची नाही. दात लावून बघायची, उन्हात ठेवायची, मग भिंतीवरच्या घड्याळात घालायची. घड्याळ चालायचं. "टॉर्चला संपला म्हणजे मेला थोडाच," असं म्हणायची. राजानंद आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या घरात मेलेल्याला पण ड्युटी लागती."

बारावीनंतर ती औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेली आणि तिथून हैदराबादला. मी तिला जालन्याच्या स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडी सुटताना खिडकीतून ती म्हणाली होती, "मम्मी, तू रडलीस तर मी उतरीन." मी रडले नाही. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी एक बाई कोंबड्यांचं खुराडं घेऊन बसली होती, तिला वाटलं मला कोंबड्यांचा वास सहन होत नाही म्हणून मी तोंडावर पदर धरला आहे. तिनं बिचारीनं खुराडं पायाखाली घेतलं.

राजनंदिनीची कंपनी दवाखान्यांची चित्रं सांभाळते. एक्स-रे, सीटी स्कॅन, असलं सगळं. हे एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवत नाहीत, अनेक मशीनमध्ये मिळून ठेवतात. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या मशीनवर. एक मशीन बंद पडलं तरी डॉक्टरला चित्र दिसतंच. अशा मशीनच्या समूहाला ते क्लस्टर म्हणतात. आणि प्रत्येक डिस्क सांभाळणारा प्रोग्राम आपापल्या कंटेनरमध्ये चालतो, म्हणजे लागेल ते सगळं सामान बरोबर भरलेल्या डब्यात. तिनं मला पहिल्यांदा समजावलं तेव्हाचं वाक्य मला आवडलं होतं. "डबा मेला तर काही नाही मम्मी, दुसरा डबा उभा करता येतो. डिस्क मेली तर मात्र गेलं."

मे महिन्यात ती बुद्धपौर्णिमेला आठवडाभर आली. सुट्टी कमीच होती, बाकी घरूनच काम. उन्हाळा इतका होता की कूलरमध्ये दुपारपर्यंत पाणी उरत नव्हतं. तिनं लॅपटॉप आतल्या खोलीत मांडला आणि दिवसभर त्याच्यापुढे. शेजारच्या कांताबाई दही मागायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय गं भावना, पोरगी आल्यापासून तिथंच बसून राह्यली. कंपनी नुसतं बघायचा पगार देती का?"

"हो मावशी," राजनंदिनी आतून म्हणाली, "बघायचाच देती. न्हाई बघितलं तर कापती."

"मंग आमच्या म्हाताऱ्याला लाव की तिथं. दिवसभर रस्ता बघत बसतो, फुकट."

त्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी अपग्रेड होतं. दवाखान्यांची गर्दी तेव्हा कमी असते म्हणून ती वेळ. अपग्रेड म्हणजे क्लस्टरच्या सगळ्या डब्यांमध्ये प्रोग्रामची नवी आवृत्ती घालायची, तेही काम चालू असताना. एका वेळी एकच मशीन. ते थांबवायचं, नवीन आवृत्ती घालायची, ते उठून बाकीच्यांना गाठेपर्यंत वाट बघायची, मग पुढचं. मी तिच्या शेजारी शेंगा फोडत बसले होते. मला हे बघायला आवडत होतं. खरं तर मला ती बघायला मिळत होती.

सुरू करण्याआधी ती म्हणाली, "आता एक खूण लावते. एखादी डिस्क थोडा वेळ गप्प झाली की क्लस्टरला वाटतं ती गेली. मग तो तिच्यावरचं सगळं दुसरीकडे नव्यानं मांडायला घेतो. केवढी हलवाहलव. म्हणून त्याला सांगून ठेवायचं, बाबा, ही येणार आहे परत, हिला गेलेली धरू नकोस."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर खूण काढायची. न्हाई तर खरोखरची गेली तरी ती येईल म्हणून तो वाट बघत बसेल."

पडद्यावर एका कोपऱ्यात क्लस्टरची तब्येत दाखवणारा बोर्ड होता. सगळं ठीक असलं की हिरवा, काही कमी असलं की पिवळा, अडलं की लाल. खूण लावल्याबरोबर तो पिवळा झाला. ते तसंच असतं, म्हणाली. नेहमीची व्यवस्था बंद ठेवली आहे याची ती आठवण.

काम छान चाललं. मशीन एकेक करून उठत गेली. शेवटचं उठत असताना लाईट गेली. आमच्याकडे त्या दिवसांत रोजच जायची. लॅपटॉपची बॅटरी कमी होती, तिनं पप्पांच्या फोनवरून नेट जोडलं, शेवटचं मशीन आलेलं बघितलं आणि तिचे वरिष्ठ राधेश्याम सर यांना फोनवर सांगितलं, सगळे डबे वर आले. ते म्हणाले, बढिया, अब खाना खाओ. तिनं लॅपटॉप मिटला. लाईट आली तेव्हा आम्ही आमरस खात होतो. संध्याकाळी तिनं पुन्हा उघडून बघितलं, मीही मागून डोकावले.

"पिवळं का गं अजून?"

"ते खुणेचं आहे, माहितेय मला," ती म्हणाली. "काढते."

तेवढ्यात शहागडहून माझा भाऊ मच्छिंद्र आला, पोतंभर खरबुजं घेऊन. त्यानं तिला गाडीवर गोदावरीच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. दुसऱ्या दिवशी ती हैदराबादला गेली.

खूण राहून गेली. ही चूक कुणाच्याही हातून होईल, पण त्यापुढचं फक्त ह्या लोकांचंच. बोर्ड पिवळा आहे आणि का पिवळा आहे ते माहीत आहे, म्हणून त्यांच्यापैकी कुणी त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही. कामाची नवी पाळी आली, त्या लोकांनी विचारलं, पिवळं का? जुन्या पाळीतल्यांनी सांगितलं, ते अपग्रेडचं आहे. जून गेला, जुलै गेला. मधेच कधीतरी एक डिस्क खरोखर मेली. त्याचंही पिवळंच होतं. पिवळ्यावर पिवळं चढलं तर दिसणार कुणाला? आणि खूण लावलेली असल्यामुळे क्लस्टर त्या डिस्कची वाट बघत शांत बसून राहिला, तिच्या प्रती दुसरीकडे केल्याच नाहीत.

पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली म्हणून राजनंदिनी पुन्हा आली होती. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे परतत होते, तेव्हा तिचा फोन वाजला आणि ती आत गेली. थोड्या वेळानं मी बशी घेऊन गेले तर बोर्ड लाल होता. हैदराबादेत मशीनच्या खोलीत विजेचं काही काम झालं होतं, एक मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि त्याच्यावरच्या एका डिस्कचा डबा उठेना. उठायचा, पडायचा, उठायचा, पडायचा. आधीची मेलेली एक आणि आता ही दुसरी. काही चित्रांची आता एकच प्रत उरली होती, आणि एकच उरली की क्लस्टर ती उघडू देत नाही. चुकून तीही बिघडू नये म्हणून. तिकडे डॉक्टरांना रुग्णांचे जुने स्कॅन दिसत नव्हते.

फोन स्पीकरवर होता. राधेश्याम सरांचा आवाज घाईचा, पण रागाचा नव्हता.

"बेटा, उडा दो उस डिस्क को. साफ करके नया बनाओ, अपने आप भर जाएगा."

"सर, नक्को. अभी नक्को," राजनंदिनी म्हणाली. "एक ही कॉपी बची है. भरते भरते वो भी गई तो?"

"हॉस्पिटलवाले सर पे बैठे हैं मेरे."

"बैठने दो सर. डब्बा नहीं उठ रहा, डिस्क मरी ऐसा किसने बोला?"

राजानंद कोर्टात जायला निघाले होते, ते दारातच थांबले. "साहेबाला असं बोलतेत का?" मला हळूच म्हणाले. मी त्यांना गप्प केलं.

ती त्या डब्याची नोंद वाचत बसली, ओळीमागून ओळ. पोहे गार झाले. मला काही समजत नव्हतं, पण तिची पाठ मला समजत होती. लहानपणी गणित अडलं की ती अशीच एक खांदा वर करून बसायची. मग खांदा खाली आला. डिस्क जिवंत होती. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर डिस्कचं नाव बदललं होतं, मशीनच्या यादीत तिचा नंबर पुढे सरकला होता, आणि डबा तिला जुन्याच जागी शोधत होता. सापडत नव्हती म्हणून पडत होता. तिनं जागा बदलून दिली. डबा उठला आणि उठलेलाच राहिला. लाल जाऊन पिवळं झालं. पुसून टाकली असती तर ती प्रत गेली असती, आणि उरलेल्या एकीवर सगळा भार आला असता.

तिथंच थांबलं असतं तर ती आज हसत असती. पण मेलेल्या पहिल्या डिस्कच्या प्रती इतके दिवस का झाल्या नाहीत, हे ती शोधायला गेली. खूण लागलेली दिसली. कुणी लावली, त्याची नोंद काढली. मे महिन्यातला रविवार, नाव तिचंच.

तिनं त्याच मिनिटाला सर्वांच्या मीटिंगमध्ये सांगितलं, "खूण मी लावली होती, काढायची मी विसरले." मग खूण काढली. क्लस्टर कामाला लागला, संध्याकाळपर्यंत बोर्ड हिरवा झाला. चित्रं सगळी मिळाली. राधेश्याम सर म्हणाले, पिवळं तर आम्ही सगळेच रोज बघत होतो. कुणी तिला बोललं नाही, कुणी पगार कापला नाही. राजानंद तिला म्हणाले, "नंदे, मी एकदा एका अप्पारावचं समन्स दुसऱ्याच अप्पारावला दिल्तं. तो बिचारा तारखेला येऊन बसला. जजसाहेब पण हसले. जाऊ दे." ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली, सुट्टी उरलेली असताना. त्यानंतर घरी आलेली नाही. तिच्या मैत्रिणीकडून कळतं, सुट्टीच्या दिवशीही ती बोर्ड उघडून बसते, दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घेते, आणि प्रत्येक काम झाल्यावर ते झालंय का हे पुन्हा पुन्हा बघते. मागच्या रविवारी फोनवर तिनं मला सांगितलं की शनिवारी त्याच क्लस्टरचं पुढचं अपग्रेड आहे आणि राधेश्याम सरांनी ते तिलाच दिलं आहे. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, नाही. मी विचारलं, मग? म्हणाली, काही नाही मम्मी, तू जेव.

आणि आज हा मेसेज.

मी शाळेत मुलांना सांगते की मनात आधी उत्तर धरून प्रयोग करू नये. मी इथं तेच करते आहे. मला "आहे" लिहायचं आहे. ती घरात हवी आहे. आजारी पडल्यावर फोनवरून काढा सांगायचा मला कंटाळा आला आहे. कांताबाईंची सून रोज संध्याकाळी गच्चीवर सासूशी बडबडत कपडे काढते, तो आवाज आला की मी आमची खिडकी लावून घेते. जालन्याची नोकरी वाईट नाही, आणि मुलीनं आईजवळ राहावं असं वाटण्यात गैर काही नाही. पण ती अंबडला यायचं म्हणत नाही आहे. ती शनिवारपासून दूर जायचं म्हणते आहे. अशी आली तर ओट्यावर येऊन बसेल खरी, पण झाकण उचलणार नाही. मला "हो मम्मी" म्हणणारी मुलगी घरात चोवीस तास मिळेल. तिची मी वाट बघत नव्हते.

आणि नको म्हणून सांगावं, तर ती तिथं एकटी. खोलीत दुसरं माणूस नाही. अपग्रेड चालू असताना शेजारी शेंगा फोडत बसणारं कुणी नाही, झाल्यावर अजून पिवळं का म्हणून विचारणारं कुणी नाही. माझ्या विचारण्यानं काय होतं? मे महिन्यात विचारलंच होतं. तरीही कुणीतरी विचारणारं असलेलं बरं.

संध्याकाळपासून मी तीनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. मेसेजवर ती लगेच "बरं मम्मी" लिहील आणि विषय संपेल. म्हणून मेसेज नाही. शाळेत शुक्रवार-शनिवारची किरकोळ रजा टाकता येते, मुख्याध्यापक कुरकुर करतील, करू देत. राजानंदना सकाळी सांगीन, कुकर लावता येतो त्यांना. जालन्याहून गाडी आहे.

तिला मी फोन करणार आहे, आत्ताच. ती जागी असेल. जालन्याचं आहे की नाही ते रविवारी सांगेन, असं म्हणणार आहे. शनिवारी मी तुझ्या खोलीत बसणार आहे, तू तुझं काम कर, मला काही समजावू नकोस, असंही. आणि रविवारी, बोर्ड हिरवा असो की लाल, तिनं यायचंच म्हटलं तर मी तिचं सामान भरून तिला घेऊन येईन. शनिवारच्या आधी मात्र नाही. हे "मात्र नाही" माझ्या तोंडून निघेल का, मला ठाऊक नाही. तिचा आवाज ऐकला की मी सगळं सोडून "ये गं" म्हणून बसेन अशी मला भीती आहे. पाणी पिऊन घेते, आणि लावते.